प्यादेमात

पटावर पांढऱ्याचं जवळजवळ सगळं शाबूत आहे. वजीर आहे, दोन्ही हत्ती आहेत, दोन्ही उंट, दोन्ही घोडे. गेली आहेत ती फक्त तीन प्यादी. काळ्याकडे उरलेत राजा, वजीर, दोन हत्ती आणि सहा प्यादी. त्याचे दोन्ही घोडे आणि दोन्ही उंट पटाबाहेर पडलेत. बुद्धिबळ अजिबात न येणाऱ्या माणसाला हा पट दाखवून विचारलं की कोण जिंकतंय, तर तो सोंगट्या मोजून पांढऱ्याकडे बोट दाखवेल. पण डाव संपलाय आणि पांढरा हरलाय. मात दिलीय कडेच्या एका प्याद्याने. अख्ख्या डावात त्या प्याद्याने केलेली ही एकुलती एक चाल.

हा डाव वॉर्सात खेळला गेला. नोंदींत साल १९२९ सापडतं. काळ्या सोंगट्या होत्या मिएचिस्वाव नायडॉर्फ नावाच्या पोलिश ज्यू मुलाकडे, वय एकोणीसच्या आसपास. पांढऱ्याकडे ग्लुक्सबर्ग. आज बुद्धिबळाच्या जगात त्याचं नाव या एका पराभवामुळे टिकून आहे. १८५१ साली लंडनमध्ये आंदरसन आणि किझेरित्स्की यांच्यात झालेल्या डावाला 'अमर डाव' म्हणतात. त्यावरून तार्ताकोवर या मोठ्या खेळाडूने नायडॉर्फच्या डावाला 'पोलिश अमर डाव' असं नाव दिलं. एकूण बावीस चालींचा आहे. फोनवर दोन मिनिटांत बघून होतो. मी गेली काही वर्षं तो बघतोय.

आधी डाव कसा गेला ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. खेळ येत नसेल तरी वाचा, गोष्टीसारखा आहे.

पहिल्या आठ चाली सभ्यपणे होतात. कुणी कुणाला मारत नाही, दोन्ही राजे किल्लेकोट करून बसतात. नवव्या चालीला पांढरा आपला घोडा जी-५ वर रेटतो. काळ्याच्या हद्दीत घुसलेला हा घोडा दोन प्याद्यांवर डोळा ठेवून आहे. त्यातलं एक काळ्या राजाच्या पुढ्यातलं, एच-७ वरचं. हे प्यादं लक्षात ठेवा.

काळा उत्तर देतो ते उंटाने एच-२ वरचं प्यादं मारून, शह देत. पांढरा राजा उंट खात नाही, कोपऱ्यात सरकतो. मग काळ्याचा घोडा पुढे येतो, वजीर वळसा घालून एच पट्टीवर येतो. पांढरा राजा बाहेर येऊन उंटाला धरू बघतो. उंटाने आता पळायला हवं. तो पळतो, पण उलट्या दिशेला: पांढऱ्याच्या घरात, अगदी पहिल्या रांगेत, जी-१ वर जाऊन बसतो. तिथे त्याला राजा खाऊ शकतो, हत्ती खाऊ शकतो, घोडा खाऊ शकतो. पहिल्यांदा पाहताना मला वाटलं, फोनवर चुकून बोट लागलं असणार. पण उंट तिथे गेल्यामुळे एच-२ चं घर वजिरासाठी मोकळं झालं. घोड्याने उंट खाल्ला आणि काळा वजीर शह देत आत शिरला.

यानंतर पांढऱ्या राजाला घरी परतता येत नाही. त्याला पटाच्या मध्यावर ओढत नेलं जातं आणि काळा एकेक सोंगटी त्याच्या वाटेवर टाकत जातो. आधी एक प्यादं. मग पहिला घोडा. मग आणखी एक प्यादं. मग दुसरा उंट, जो तोवर आपल्या घरातून हललाही नव्हता. मग दुसरा घोडा. पांढरा प्रत्येक वेळी खातो. कधी खाण्यावाचून इलाज नसतो, कधी न खाणं त्याहून वाईट असतं. शेवटी राजा जी-४ वर उभा असतो, आणि एच-७ वरचं प्यादं दोन घरं चालून एच-५ वर येतं. शह आणि मात.

आता त्या राजाच्या भोवती बघा. त्याच्या एका बाजूच्या पट्टीवर काळा वजीर नजर ठेवून आहे, दुसऱ्या बाजूच्या पट्टीवर काळा हत्ती. मधल्या बोळात राजा, त्याच्या मागे त्याचंच प्यादं, पुढे त्याचाच घोडा. नवव्या चालीला मोठ्या तोऱ्यात जी-५ वर गेलेला तोच घोडा आता राजाची वाट अडवून बसलाय. पांढऱ्याचा वजीर आपल्या मूळ घरात आहे, डावभर हललेला नाही. तिथून एच-५ पर्यंत तिरपी रेघ सरळ जाते, तो त्या प्याद्याला उडवू शकला असता. पण रेघेत मध्ये उभा आहे स्वतःचाच राजा. आणि मात देणारं प्यादं कुठलं? नवव्या चालीला ज्याच्यावर पांढऱ्या घोड्याचा डोळा होता, तेच.

*

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे सवयीने हा डाव इंजिनात टाकून पाहिला. बुद्धिबळाच्या इंजिनात एक गमतीची गोष्ट आहे: ते सगळं प्याद्यांत मोजतं. पांढरा दीड प्याद्याने पुढे, काळा तीन प्याद्यांनी पुढे, असं. एका प्याद्याचे शंभर भाग करून हिशेब ठेवतं. म्हणजे वजिराची किंमतही शेवटी प्याद्यांतच सांगायची. पण मात आली की हा हिशेब थांबतो. मग इंजिन एवढंच सांगतं, इतक्या चालींत मात. ती वजिराने होतेय की प्याद्याने, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. स्पर्धेतही तसंच. निकालाच्या तक्त्यावर एक-शून्य लिहितात, कशाने मारलं ते लिहीत नाहीत.

मग चार मोहरे देऊन प्याद्याने दिलेली मात वजिराच्या मातीपेक्षा जास्त का आवडते? जगभरच्या बुद्धिबळप्रेमींना हा डाव आवडतो, पण त्यांना कारण विचारलं तर ते सौंदर्याकडे बोट दाखवतात. आपल्याकडे मात्र या आवडीला चक्क हिशेबात जागा होती. देशी बुद्धिबळात जिंकण्याच्या प्रती होत्या. समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या संपून नुसता राजा उरला तर ती बुर्जी, तिला पुरत्या विजयाचा मान नाही. मोहऱ्याने मात दिली तर विजय. आणि प्याद्याने मात दिली तर ती प्यादेमात, सगळ्यांत वरची. मराठीत हा शब्द आजही जिवंत आहे. निवडणुकीत एखाद्या नवख्या उमेदवाराने मातब्बर नेत्याला पाडलं की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात 'प्यादेमात' येते. मथळा देणाऱ्याला देशी डाव येत असेलच असं नाही.

पेशवाईच्या शेवटच्या दिवसांत, दुसऱ्या बाजीरावांच्या काळात, त्रिवेंगडाचार्य नावाच्या शास्त्रींनी संस्कृतात बुद्धिबळावर 'विलासमणिमंजरी' लिहिली. १८१४ साली मुंबईत तिचं इंग्रजी रूप छापलं गेलं. त्यात पटावरच्या अवघड जागा मांडून दिल्या आहेत, म्हणजे आजच्या ॲपवरची कोडीच. त्यातल्या कित्येक कोड्यांत नुसती मात करून भागत नाही, मात प्याद्याने करायची अट आहे. युरोपातही पूर्वी असा एक पैजेचा प्रकार होता: बलवान खेळाडू सुरुवातीलाच आपल्या एका प्याद्यावर टोपी घालायचा आणि त्याच प्याद्याने मात देण्याचं कबूल करायचा. ते प्यादं मेलं तर डाव हरला. त्याचा वजीर करायलाही परवानगी नाही.

टोपीवाल्या प्याद्याबद्दल वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, कारण मी लहानपणी कुंकवाचं प्यादं पाहिलं होतं.

*

धुळ्यात पांझरा ओलांडली की देवपूर. जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, सरळ आखलेल्या, पटासारख्या. देवपुरात तशी शिस्त नाही. आजोबा तिथे एकवीरा देवीच्या देवळापासून पायी जाता येईल अशा घरात राहायचे, एका कचेरीत कारकून होते. संध्याकाळी ओट्यावर कापडी पट अंथरला जायचा. हे मी ऐकलेलं, कारण मी शाळेत जायच्या आधीच आजोबा गेले. मला खेळ शिकवला तो आत्याने. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात.

फुईला खेळ कुणी शिकवला नव्हता. आजोबा आणि त्यांचे सोबती ओट्यावर खेळायचे, ती दाराशी धान्य निवडत बघायची. एका संध्याकाळी सोबती आला नाही. आजोबा एकटेच पट मांडून बसले होते. ती समोर जाऊन बसली आणि खेळायला लागली. आजोबा काही बोलले नाहीत. त्यानंतर सोबती आला तर त्याच्याशी, नाही आला तर तिच्याशी, असं सुरू झालं. आजोबा खेळाआधी आपल्या एका प्याद्याच्या डोक्यावर कुंकवाचं बोट टेकवायचे. आज हे मात देणार. बहुतेक वेळा ते मरायचं आणि आजोबा वजिराने जिंकायचे. ज्या दिवशी कुंकवाचं प्यादं खरंच पोचायचं, त्या दिवशी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे.

तिने मला शिकवले तेही देशी नियम. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते, तीही तोवर शह बसला नसेल तर. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की हवं ते होता येत नाही. ज्या मोहऱ्याच्या पट्टीवर पोचलं, तेच व्हायचं. हत्तीच्या पट्टीवर हत्ती, घोड्याच्या पट्टीवर घोडा. मी चौथीत शाळेच्या स्पर्धेत उतरलो तेव्हा तिथले नियम वेगळे निघाले. घरी येऊन मी तिला ते सांगितले. ती म्हणाली, त्यांचे त्यांना.

गेल्या दिवाळीत देवपूरला गेलो तेव्हा मी तिला नायडॉर्फचा डाव दाखवला. फोनवर नको म्हणाली, म्हणून पटावर मांडला. जेवणं झाली होती, शेवभाजीची पातेली अजून ओट्याजवळच होती. मी एकेक चाल करत गेलो. उंट जी-१ वर गेला तेव्हा ती पुढे झुकली. दुसरा उंट दिला तेव्हा तिने चष्मा काढून पुसला. शेवटची चाल मी जरा थाटात केली.

ती पटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हाई प्यादं दोन घरं कसं गयं रे?"

मी म्हटलं, फुई, त्यांच्यात पहिल्या चालीला दोन घरं चालतं. तिने प्यादं उचलून एच-६ वर ठेवलं. तिच्या नियमांत ते तिथवरच जाऊ शकलं असतं. तिथून राजाला शह बसत नाही. चार मोहरे मेलेले, समोर अख्खी पांढरी फौज जिवंत आणि खेळायची पाळी पांढऱ्याची. जगातली बहुधा सगळ्यांत देखणी प्यादेमात आमच्या ओट्यावर मातच नव्हती.

मी हसलो, पण ती गंभीर होती. ज्या देशी खेळाने प्यादेमातीला सगळ्यांत वर बसवलं, त्यानेच प्याद्याचा पाय एका घराला बांधला होता. म्हणून तर ती मात इतकी अवघड आणि इतकी मानाची. तिने प्यादं परत एच-५ वर ठेवलं, म्हणाली, त्यांच्या नियमात खेळले तर त्यांच्या नियमात बघू. आणि पुन्हा पहिल्यापासून दाखव म्हणाली.

*

आता एका शब्दाबद्दल. इंग्रजीत घोडा देणं आणि आईने मुलासाठी स्वतःचं काही सोडणं, या दोन्हींना एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत. बुद्धिबळात आपण बळी म्हणतो: घोड्याचा बळी, वजिराचा बळी. माणसाने स्वतःहून सोडलं तर त्याला त्याग म्हणतो. बळीत देणारा वेगळा आणि जाणारा वेगळा. त्यागात दोन्ही एकच. नायडॉर्फच्या घोड्यांनी त्याग केला असं कुणी म्हणणार नाही. घोड्याला काय विचारायचं?

हा फरक माझ्या डोक्यात बसला तो बाबांच्या निवृत्तीच्या समारंभात, तीनेक वर्षांपूर्वी. बाबांनी भाषणात सांगितलं, आज मी इथे आहे तो माझ्या ताईच्या त्यागामुळे. सभागृहात टाळ्या पडल्या. बाबांचा आवाज भरून आला होता आणि तो खरा होता. फुई दुसऱ्या रांगेत होती. लोक वळून तिच्याकडे बघायला लागले तेव्हा तिने पदर नीट केला आणि समोर बघत राहिली.

मागची गोष्ट अशी. १९७२ चा दुष्काळ. गावाकडची तीन एकर कोरडवाहू जमीन, तिच्यातून काही आलं नाही. आजीला दमा. पाणी लांबून आणायचं. घरात तीन मुलं: फुई तेरा वर्षांची, बाबा आठ, काका सहा. फुई सातवी झाली आणि तिची शाळा थांबली. बाबा आणि काकांची चालू राहिली. बाबा शिकले, सरकारी नोकरीत लागले, मी इंजिनिअर झालो. आमच्या घराण्याचा डाव असा उलगडून बघितला तर तो जिंकलेला डाव आहे. मी एच-५ वर उभा आहे.

दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, भारतात पहिली राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धा झाली. ती मुंबईच्या वासंती खाडिलकरने जिंकली. पुढची कित्येक वर्षं वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन खाडिलकर बहिणींनी ते अजिंक्यपद घरातून फारसं बाहेर जाऊ दिलं नाही. फुई तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि रोज रात्री आजोबांशी देशी डाव खेळत होती. ती त्या स्पर्धेत खेळू शकली असती असं मी म्हणणार नाही, तिचे नियमही वेगळे होते. अशी स्पर्धा असते एवढं तरी तिला कळलं असतं का, इतकंच मनात येतं.

दिवाळीत, पट समोर असताना, मी तिला सरळ विचारलं. फुई, बाबा म्हणतात तो त्याग होता का?

ती सोंगट्या परत मांडत होती. हात न थांबवता म्हणाली, "माले कोनी इचारं व्हतं का?" मला कुणी विचारलं होतं का. मग थोड्या वेळाने म्हणाली, त्याग करणाऱ्याला आधी विचारावं लागतं. शाळेतून नाव काढलं हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. आवाजात कडवटपणा नव्हता. वांग्याचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मला वाटलं, म्हणजे बळी. मी तसं काही बोललो नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ते आलं असावं. कारण तिने पुन्हा डावाचा शेवट मांडायला लावला आणि मात झालेल्या राजाच्या बाजूच्या त्या मोकळ्या पट्टीवर, एफ पट्टीवर, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. बोट जिथून सुरू झालं होतं तिथे, एफ-८ वर, काळा हत्ती उभा होता.

"घोडा मरना, उंट मरना, ते समदासले दिसनं," ती म्हणाली. "हाऊ हत्ती कोनलेच दिसना नही."

घोडे-उंट मेले ते सगळ्यांना दिसलं, हा हत्ती कुणालाच दिसला नाही. मी तो डाव शंभरेक वेळा पाहिला असेल. बळी मोजले होते, प्याद्याची चाल पाठ होती. त्या हत्तीकडे मीही नीट पाहिलं नव्हतं. किल्लेकोट करताना तो एफ-८ वर येतो आणि नंतर शेवटपर्यंत एकही चाल करत नाही. त्याच्या पुढ्यातलं प्यादं मरतं आणि त्याची पट्टी उघडते. राजाला पळायला एफ पट्टीवरची तीन घरं होती, ती तिन्ही त्याने एकट्याने धरली. तो काढून टाकला तर प्यादं एच-५ वर जाऊन फक्त शह देतं, आणि राजा एक पाऊल बाजूला होऊन निघून जातो. तो मेला नाही, त्याने मारलं नाही, त्याचा कुणी बळी दिला नाही. तो तिथे होता म्हणून मात झाली.

तिने स्वतःबद्दल काही म्हटलं नाही. ती हत्तीबद्दल बोलत होती. मीही ते तिथेच ठेवलं. पण आजी अंथरुणाला खिळली तेव्हा सात वर्षं तिचं सगळं करणारी कोण होती, काकांची फी भरायची म्हणून शिवणयंत्रावर रात्री ब्लाउज शिवणारी कोण होती, बाबांना पहिली बदली लागली तेव्हा देवपूरचं घर राखणारी कोण होती, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. भाषणात ते आलं नव्हतं. भाषणात एकच शब्द आला होता आणि त्या शब्दात ती जणू १९७२ सालीच संपून गेली होती. मेलेल्या घोड्यासारखी, कौतुकाने पटाबाहेर ठेवलेली.

*

नायडॉर्फचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण त्याच्या डावातल्या बळींचं कौतुक करताना ते नजरेआड करता येत नाही.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये तो पोलंडच्या संघातून ऑलिंपियाड खेळायला ब्युनोस आयर्सला गेला. स्पर्धा चालू असतानाच १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. तो परत गेला नाही, अर्जेंटिनातच राहिला, पुढे मिएचिस्वावचा मिगेल झाला. पोलंडमध्ये मागे राहिलेले त्याची बायको, मूल, आई-वडील, भावंडं नाझींच्या हत्याकांडात मारले गेले. १९४७ साली साव पावलोमध्ये त्याने पट न बघता, नुसत्या स्मरणावर, एकाच वेळी पंचेचाळीस जणांशी डाव मांडले. जवळजवळ एक अख्खा दिवस तो खेळत होता. एकोणचाळीस जिंकले, चार बरोबरीत सुटले, दोन हरला. जागतिक विक्रम झाला. नंतर तो सांगायचा की हे विक्रमासाठी केलं नव्हतं. बातमी जगभर छापली जाईल, युरोपात कुठेतरी आपलं कुणी जिवंत असेल तर ते वाचेल आणि पत्र येईल, ही आशा होती. पत्र आलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी चार मोहरे हसत देऊन टाकणारा हाच माणूस. पटावर त्याने दिलं होतं. बाहेर त्याच्याकडून काढून घेतलं गेलं, आणि त्याला बळीही म्हणता येत नाही, कारण त्यातून कुठलाच डाव जिंकायचा नव्हता. तो खेळत राहिला, १९९७ मध्ये वारला. सिसिलियन बचावातली एक पद्धत त्याच्या नावाने ओळखली जाते आणि ती आज फोनवर खेळणाऱ्या शाळकरी मुलांनाही माहीत असते. मी तो डाव आता बघतो तेव्हा जी-१ वर जाऊन बसणारा उंट तेवढाच आवडतो. फक्त 'बळी' हा शब्द पटाच्या चौसष्ट घरांबाहेर न्यायला हात कचरतो. 'त्याग' तर त्याहून जास्त. कुणाच्या बाबतीत तो म्हणायचा असेल तर आधी त्या माणसाला विचारायचं, एवढा नियम मी स्वतःपुरता केलाय. बाबांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, खरंय, नाव काढायला वडील गेले तेव्हा मी सोबत होतो. पुढे काही बोलले नाहीत. पण त्या रविवारी त्यांनी फुईला फोन केला आणि दोघं तासभर बोलत होते. काय बोलले ते मला माहीत नाही.

*

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासूनच फुईच्या फोनवर बुद्धिबळाचं ॲप आहे. भाच्याने टाकून दिलं. दिवाळीनंतर ती ते रोज खेळायला लागली. प्याद्याची दोन घरं तिने आता मान्य केलीत, किल्लेकोटही करते, एवढंच की त्याला 'राजाची पळवाट' म्हणते. तिची एकच तक्रार होती: जिंकल्यावर ॲप नुसतं 'विजय' असं दाखवतं आणि आठ गुण देतं. वजिराने मारलं तरी आठ, प्याद्याने मारलं तरी आठ. तू कंप्युटरवाला आहेस, काहीतरी कर.

ॲप माझं नाही, ते बदलणं माझ्या हातात नव्हतं. पण तिचे सगळे डाव उतरवून घेता येत होते. एका शनिवारी बसून वीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. एकेक डाव शेवटपर्यंत खेळवायचा, मात झाली असेल तर राजाला शह कुठल्या सोंगटीचा आहे ते बघायचं, ती प्यादं असेल तर डाव बाजूला काढायचा. चारशेच्या वर डाव निघाले. त्यात प्यादेमाती तीन.

मी तिन्ही डावांची शेवटची चित्रं तिला पाठवली. लगेच फोन आला. तिला तिन्ही डाव आठवत होते. दोन बरोबर आहेत म्हणाली. तिसऱ्यात प्याद्याने तिरपं मारलं तेव्हा मागून वजिराची वाटही उघडली होती, म्हणजे शह दोघांचा होता. तो धरू नको.

मी म्हटलं, फुई, प्याद्याचा शह आहे की त्यात.

"वजीर शे ना मांगे," ती म्हणाली. "दोनच लिख."